महाजनांच्या घरातली तंबाखू

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. शेवेच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो ना, तसे ते साठतात. एक दिवस डबा उलटा केला की कळतं, अरे, हा तर वाटीभर निघाला!

माझ्याकडचा सगळा चुरा महाजनांच्या घरचा. राजपुऱ्यात आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि त्यांचा ओटा यांच्यामध्ये स्कूटर जेमतेम जाईल एवढी गल्ली. लोक म्हणतात, शोभाबाईला फार चौकशा. आता खिडकीच तिथे असेल तर मी काय डोळे मिटून पोळ्या लाटू?

तर एकदा मी चक्कीवर गव्हाचा डबा घेऊन बसले होते, पोत्यांच्या मागे. पुढे महाजनांच्या माई चक्कीवालीशी बोलत होत्या. हळू आवाजात. आवाज हळू झाला की माझे कान आपोआप मोठे होतात, त्याला माझा इलाज नाही.

"तुला म्हणून सांगते हं," माई म्हणाल्या, "आमच्या घरातली तंबाखू सुटली! पण एवढ्यात कोणाला बोलू नको. मनीषाचं ट्रेनिंग संपू दे, मग मी स्वतःच..."

आणि चक्कीवाल्याने बटन दाबलं. घर्रर्रर्र!

माई तोंड हलवत होत्या, चक्कीवाली मान हलवत होती आणि मला ऐकू येत होती फक्त कोणाची तरी ज्वारी. मी पोत्यांना वळसा घालून पुढे येईपर्यंत माई पीठ घेऊन गेल्यासुद्धा!

पण जेवढं ऐकलं तेवढं पुरे होतं. महाजनांच्या घरात तंबाखू खाणारा माणूस एकच. अण्णा! गहू तिथेच ठेवले आणि मी निघाले. गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली.

*

ही बातमी केवढी मोठी, हे कळायला महाजनांचं घर माहीत पाहिजे.

अण्णा महाजन म्हणजे केळीचे बागायतदार. आता शेत धाकट्या भावाकडे असतं आणि अण्णांकडे ओटा. सकाळपासून तिथे बसायचं, तळहातावर तंबाखू मळायची, बार भरायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाताच्या खुणेने सल्ला द्यायचा. खुणेने अशासाठी, की तोंड रिकामं कधी नसतंच!

माई त्यांची बायको. बोलणं मोजकं. आपली मशेरीची डबी घेऊन त्या मागच्या दारी दात घासत बसायच्या. सकाळी घासायच्या, जेवण झालं की घासायच्या, दिवे लागले की पुन्हा घासायच्या. दातांची एवढी निगा राखणारी बाई मी पाहिली नाही. ज्या दिवशी माई तव्यावर मशेरी भाजायच्या, त्या दिवशी कोपऱ्यावरच्या टेलरपर्यंत सगळी गल्ली शिंकायची!

आणि मनीषा त्यांची सून. हिने एक दिवस घरात सांगितलं, की मी नशामुक्ती केंद्रात काउन्सेलरचं ट्रेनिंग घेणार. नशा करणाऱ्या लोकांशी बोलायचं, त्यांना त्यातून बाहेर यायला मदत करायची, ते काम.

का, ते तिने मला एकदाच सांगितलं. तिचा मोठा भाऊ दारूपायी गेला. मेथी निवडता निवडता म्हणाली, "काकू, दादाला उपदेश सगळ्यांनी केला. तुला काय होतंय, असं विचारलं कोणीच नाही." एवढंच. मग मेथी निवडत राहिली.

ट्रेनिंगला अण्णांनी जाऊ दिलं. इथल्या इथे बोलायलाच तर शिकते, म्हणाले. पण शिकवणाऱ्या तायडे सरांनी सांगितलं, की खकनारला नवीन केंद्र निघतंय, ट्रेनिंग झालं की तिथे मनीषाला घेऊ. मग मात्र अण्णा बसल्या जागी ताठ झाले. तोंडातला बार थुंकून बोलले म्हणजे विषय गंभीर!

"खकनार? रोज बसने? दारुड्यांमध्ये बसायला?"

"अण्णा, आजारी माणसं असतात ती."

"असं का? मग आधी या घरातली तंबाखू सोडवून दाखव. ट्रेनिंग संपेपर्यंत घरातली तंबाखू सुटली, तर जा खकनारला. मी स्वतः बसमध्ये बसवून देईन. नाही सुटली, तर खकनारचं नाव काढायचं नाही. कबूल?"

मनीषा म्हणाली, "कबूल."

अण्णांनी शांतपणे नवीन तंबाखू काढली, चुना लावला, मळली, थापटली आणि बार भरला. कुलूपही त्यांचंच आणि किल्लीही त्यांच्याच खिशात! मी इकडे पोळी जाळली.

*

ट्रेनिंगमध्ये नाटक करून सराव करावा लागतो. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने काउन्सेलर. मनीषाला घरी सरावाला माणूस पाहिजे होता. मी म्हटलं, मी आहे ना! शाळेत मी झाड झाले होते, त्यानंतर चान्सच आला नव्हता.

आम्ही आमच्याच पुढच्या खोलीत बसलो. दार उघडं. मी दारुडी.

"शोभाजी, तुमचा दिवस कसा असतो, सांगाल?" मनीषाने विचारलं.

मी पदर खोचला आणि सुरू झाले. "काय सांगू ताई! चार वाजले की हात थरथर करतात. मग क्वार्टर आणते. पिठाच्या डब्यात लपवून ठेवते. नवरा यायच्या आत संपवते!" एवढं मन लावून सांगितलं, की मला खरंच रडू आलं. मनीषापण रडवेली झाली.

समोर बघते तर दारात दूधवाला! हातातलं माप तसंच हवेत.

दुसऱ्या दिवशी त्याने न सांगता पाव लिटर जास्त ओतलं. हळूच म्हणाला, "दूध जास्त पीत जा काकू. माझ्या भावाला फरक पडला."

संध्याकाळी आमचे हे घरी आले. पेपर मिलमधून रिटायर झालेला माणूस, आवाज मोठा. पण त्या दिवशी चपला काढून गुपचूप स्वयंपाकघरात गेले. पिठाचा डबा उघडला, हात घालून आत चाचपलं. मग कोपरापर्यंत पीठ घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. चेहरा एकदम उतरलेला.

म्हणाले, "एकटीच घेतेस?"

*

मग ट्रेनिंगमध्ये मनीषाला शिकवलं, की पेशंट जे बोलतो तेच आपण आपल्या शब्दांत परत बोलायचं. म्हणजे त्याला वाटतं, कोणीतरी ऐकतंय. सल्ला द्यायचा नाही, भांडायचं नाही. नुसतं, 'म्हणजे तुम्हाला असं वाटतंय' म्हणायचं आणि थांबायचं.

मनीषाने हे सगळीकडे लावलं. नवरा म्हणाला, भाजीत मीठ कमी आहे. ही म्हणाली, "म्हणजे तुम्हाला वाटतंय भाजीत मीठ कमी आहे." तो बिचारा उठून मीठ घेऊन आला!

एकदा आम्ही दोघी रफीकभाईंच्या हातगाडीवर भेंडी घेत होतो. रफीकभाई म्हणाले, "भाभी, आज भिंडी महँगी है."

मी तोंड उघडणार, एवढ्यात मनीषा एकदम मऊ आवाजात म्हणाली, "मतलब आपको लग रहा है कि आज भिंडी महँगी है."

रफीकभाईंनी तराजू खाली ठेवला. "लग क्या रहा है भाभी, मैं खुद परेशान हूँ!" आणि सुरू झाले. मंडी, मंडीतला साडू, अभ्यास न करणारा मुलगा, गुडघा. मनीषा मधूनमधून "हूँ... और?" एवढंच म्हणत होती. शेवटी त्यांनी गमछ्याने डोळे पुसले, भेंडी स्वस्तात दिली, वर कोथिंबीर टाकली, पुदिना टाकला, आणि म्हणाले, "रोज आते जाओ भाभी."

मी म्हटलं, ही तर जादू आहे! दुसऱ्या दिवशी एकटी गेले. आवाज मऊ केला. म्हटलं, "रफीकभाई, मतलब आपको लग रहा है कि भिंडी महँगी है?"

"लग नहीं रहा. महँगी है. लेना हो तो लो."

*

धूलकोटला बाजाराच्या दिवशी केंद्राचं शिबिर होतं. जीपमध्ये एक सीट रिकामी होती. सीट रिकामी जाऊ देणं मला जमत नाही.

तायडे सर म्हणजे साधा, पापभीरू माणूस. कोणी चांगलं काही केलं की सरांच्या डोळ्यांत पाणीच येतं. त्यांनी फुप्फुसाचं मोठं चित्र टांगलं आणि अर्धा बाजार समोरून निघून गेला. एक म्हातारे बाबा मात्र पहिल्यापासून समोर बसले होते. शेजारी दोरीला बांधलेला बोकड. बाबा एकेक शब्द लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी हात वर करून विचारलं, "बीड़ी छोड़ने का कोई रास्ता है क्या?"

सरांचे डोळे भरले! मनीषाला पुढे केलं. तिचा पहिला खरा पेशंट.

मनीषा बाबांच्या समोर जमिनीवरच बसली. "बताइए बाबा."

"छुड़ाना तो है बाई, पर मानता नहीं."

"कौन नहीं मानता?"

"ये," बाबांनी दोरी ओढली. "मेरा बकरा. बीड़ी खाता है!"

सगळे हसले. सर चित्र गुंडाळायला लागले. पण मनीषा हसली नाही, बाई! तितक्याच गंभीरपणे विचारलं, "कबसे?"

"छोटा था तबसे. मैं पीता हूँ, टुकड़ा फेंकता हूँ, ये उठा के खा जाता है."

"मतलब आप फेंकते हैं, तब वो खाता है."

बाबा थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ विचार केला. "मतलब... पहले मेरे को छोड़ना पड़ेगा?"

मनीषा काहीच बोलली नाही. नुसती बघत बसली. सल्ला द्यायचा नाही ना! सर श्वास रोखून उभे. बाबांनी बोकडाकडे बघितलं. बोकडाने बाबांकडे बघितलं. बाबांनी खिशातलं बंडल काढलं, हातात फिरवलं, परत खिशात ठेवलं.

"जाने दो बाई," बाबा उठत म्हणाले. "बकरा ही बेच देता हूँ."

*

घरी अण्णांवर काम चालूच होतं.

मनीषाने त्यांना समजावलं, की तलफ अशीच येत नाही, तिला काहीतरी निमित्त लागतं. कोणाला जेवण झालं की येते, कोणाला टेन्शन आलं की. त्याला ट्रिगर म्हणतात. आपला ट्रिगर ओळखला की निम्मं काम झालं. "अण्णा, दोन दिवस लक्ष ठेवा. तुम्हाला तलफ नेमकी कशाने येते?"

अण्णांनी प्रामाणिकपणे लक्ष ठेवलं. दोन दिवसांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावून सांगितलं, "सापडला माझा ट्रिगर."

मनीषा आनंदाने पुढे सरकली. "सांगा अण्णा!"

"तू. तू 'म्हणजे तुम्हाला असं वाटतंय' म्हणालीस की मला तलफ येते."

मग तिने दुसरा उपाय काढला. तोंडात टाकायला दुसरं काहीतरी द्यायचं. एका सुंदर पुडीत बडीशेप भरून दिली. अण्णांनी नाही म्हटलं नाही. बडीशेप तळहातावर घेतली आणि हाताला सवय ती सवय, वर चुना लावून मळली! थापटली, फुंकली, बार भरला. आम्ही सगळे बघतोय.

"कशी आहे?" माईंनी विचारलं.

अण्णा म्हणाले, "चव बरी आहे. फक्त तंबाखू कमी पडली."

आणि ती खरी पुडी संपली, की आळ मनीषावर! "या घरात माझी तंबाखू उडून जाते. आठवड्याच्या बाजारातून आणतो, चार दिवसांत पुडी रिकामी! सूनबाई गुपचूप गटारात टाकते."

मनीषा काकुळतीने म्हणायची, "नाही हो अण्णा! जबरदस्ती करायची नसते, आम्हाला शिकवलंय."

माई मागच्या दारी दात घासत असायच्या. त्या काय बोलणार, तोंडात बोट!

*

मग सरांनी सगळ्या ट्रेनींना एक काम दिलं. आपली स्वतःची एक आवडती गोष्ट काही दिवस सोडून बघा. दुसऱ्याला 'सोड' म्हणणं सोपं असतं, आपल्याला काय होतं ते कळू द्या.

मनीषाने चहा सोडला.

काय सांगू! पहिल्या दिवशी डोकं धरून बसली. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली तर कुकरवर ओरडली. तिसऱ्या दिवशी मी खिडकीतून विचारलं, "काय गं, काय चाललंय?" तर काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "काकू, तुमच्या पोळीकडे बघा!" तशी ती पोळी जळतच होती, ती गोष्ट वेगळी.

मी पण सोबत म्हणून माव्याची जिलेबी सोडली होती. सकाळी सोडली. दुपारी आमच्या ह्यांनी आणली. आणलेली टाकून देणं बरं नाही.

मनीषा चहाच्या पातेल्याजवळ उभी राहून नुसता वास घेत होती, तेव्हा माई आत आल्या. मी उसनी साखर घ्यायला गेले होते म्हणून हे मला माहीत. माई म्हणाल्या, "एकटीला जड जातंय ना? थांब, मी पण तुझ्यासोबत काहीतरी सोडते."

"माई, तुम्ही काय सोडणार?" मनीषाने विचारलं.

"आहे एक. तुला सांगते, ये," आणि तिला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दार लावलं!

उसन्या साखरेची वाटी घेऊन मी किती वेळ उभी राहणार? घरी आले. मी आपला अंदाज केला, भात सोडला असेल. गुडघे दुखतात त्यांचे.

त्यानंतर माई पण काही दिवस जरा चिडचिड्या झाल्या होत्या. सारख्या लवंग चघळायच्या. गल्लीत शिंका कमी झाल्या. मी म्हटलं, हवा बदलली.

*

आणि अण्णांच्या पुडीला बरकत आली!

जी पुडी चार दिवसांत रिकामी व्हायची, ती आता आठवडाभर पुरायला लागली. अण्णांनी आधी मनीषाकडे संशयाने बघितलं. मग पुडीकडे बघितलं. मग स्वतःकडे बघितलं आणि त्यांची छाती फुगली.

"कमी केलीय मी," ओट्यावरून सगळ्यांना सांगायला लागले. "मनावर घेतलं की होतं. काउन्सेलर-बिन्सेलर काही लागत नाही!" एवढं सांगायला बार थुंकायचे आणि सांगून झालं की नवीन भरायचे.

तर असं सगळं असताना मी चक्कीवर ते अर्धं वाक्य ऐकलं. आता सांगा, मी दुसरा काय अर्थ लावणार?

गल्लीत सांगून झाल्यावर मी मनीषाला गाठलं. "काय गं! घरातली तंबाखू सुटली आणि तू बोलत नाहीस? अण्णांना अटीची आठवण करून दे. खकनार पक्कं झालं तुझं!"

मनीषाचा चेहराच बदलला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"म्हणजे खरं आहे!"

"काकू, मी काही बोलू शकत नाही. पेशंटने सांगितलेलं बाहेर जाऊ द्यायचं नसतं. गोपनीयता असते."

"अगं, पण तुझंच नुकसान! चार दिवसांत ट्रेनिंग संपतंय. अण्णा तुला जाऊ देणार नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली. हातात भावाचा फोटो होता, पुसत होती. फोटो ठेवून दिला. "सांगायचं असेल तेव्हा पेशंट स्वतः सांगेल. नाही सांगितलं तर नाही."

मला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, "बरं, मला तरी सांग. मी काय कोणाला सांगणार आहे का?"

मनीषाने माझा हात हातात घेतला. माझ्या डोळ्यांत बघितलं. एकदम मऊ आवाजात म्हणाली, "म्हणजे काकू, तुम्हाला वाटतंय की तुम्ही कोणाला सांगणार नाही."

आणि थांबली. मी घरी आले.

*

आता शेवटचा किस्सा. ट्रेनिंग संपल्याचा छोटा कार्यक्रम होता केंद्रात. सतरंज्या, हार, सर्टिफिकेट आणि पोहे. सगळ्या घरच्यांना बोलावलं होतं. मी पण महाजनांच्या घरचीच, खिडकीच्या बाजूने.

माझी बातमी फिरत फिरत तायडे सरांपर्यंत गेली होती. सरांनी मनीषाला विचारलं असणार. मनीषा 'गोपनीयता' म्हणाली असणार. सरांना वाटलं, बघा, किती संस्कारी मुलगी! आणि त्यांनी गुपचूप एक शाल आणि नारळ आणून ठेवला.

सर्टिफिकेटं वाटून झाली. अण्णा पुढच्या ओळीत, पांढरी टोपी घालून. सरांनी माईक घेतला. "आज आपल्यामध्ये एक असे बुजुर्ग आहेत, ज्यांनी या वयात तंबाखू सोडून आपल्या सुनेच्या शिक्षणाचं सोनं केलं! श्री. अण्णासाहेब महाजन! जोरदार टाळ्या!"

मनीषा खुर्चीवरून अर्धी उठली. "सर..."

पण टाळ्याच एवढ्या वाजल्या! अण्णा उठले. त्यांना वाटलं असणार, कमी केली तर कमी केल्याचाच सत्कार. मान ताठ ठेवून स्टेजवर गेले. शाल घेतली, नारळ घेतला.

सर म्हणाले, "अण्णा, नवीन पिढीसाठी दोन शब्द!"

माईक अण्णांच्या तोंडासमोर आला आणि अण्णा घट्ट तोंड मिटून उभे. मी पुढेच बसले होते. डावा गाल बघितला. गाल फुगलेला! नुकताच भरलेला बार!

"बोला अण्णा, संकोच करू नका."

अण्णा म्हणाले, "उं."

"कसं वाटतंय सोडल्यापासून?"

"उं उं."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. तोंडात एवढं साठल्यावर येणारच. सरांना बघवेना. माईकवर गहिवरून म्हणाले, "शब्द फुटत नाहीयेत त्यांना!" मागच्या बायका पण डोळे पुसायला लागल्या. अण्णा नारळ हातात घेऊन दाराकडे बघतायत, खिडकीकडे बघतायत, कुंडीकडे बघतायत. शेवटी त्यांनी जीव तोडून हात केला, तो सरळ मनीषाकडे.

आणि तेव्हा बायकांच्या ओळीतून माई उठल्या.

"सर, त्यांना कशाला त्रास देता? तंबाखू त्यांनी नाही सोडली. मी सोडली."

सरांचा माईक खाली आला. अण्णा शाल सावरत धावत बाहेर गेले, गेटपाशी तोंड मोकळं केलं आणि तोंड पुसत तसेच परत आले. पहिलं वाक्य माईक न घेताच बोलले.

"तू कधी खात होतीस?"

"मशेरी कशाची करतात हो?" माई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून लावतेय. तुमच्या डोळ्यांसमोर. तुमच्याच पुडीतली."

"ते तर तू दात घासायचीस!"

"मी पण तेच म्हणायचे. मग या पोरीने एकदा विचारलं, माई, न घासता राहवतं का? मी म्हटलं, नाही. तिने उपदेश नाही केला. नुसतं विचारलं आणि थांबली. रात्रभर माझा मीच विचार केला." मग माईंनी पदर डोक्यावरून नीट घेतला. "तुम्ही म्हणाला होतात, घरातली तंबाखू सुटली तर हिला बसमध्ये बसवून देईन. माझी सुटली. मी पण घरातलीच आहे ना?"

सरांनी अण्णांच्या खांद्यावरची शाल काढली आणि माईंना दिली. नारळ अण्णांनी स्वतःच दिला.

घरी जाताना आम्ही एकाच ऑटोत बसलो. माई शाल पांघरून, मनीषा सर्टिफिकेट मांडीवर धरून, आणि मी मध्ये. अण्णा पुढे ड्रायव्हरजवळ. मी मनीषाला कोपराने ढोसलं. "तुला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तू बोलली नाहीस?" ती बाहेर बघत राहिली. माईंनी माझ्या अंगावरून हात लांब करून तिच्या हातावर ठेवला.

अण्णा पुढे बघतच म्हणाले, "खकनारची सकाळची बस कितीला असते?"

"आठला," मनीषा म्हणाली.

"हं. चपला चांगल्या घेऊन दे तिला," हे माईंना.

शनवारा गेट आलं. मग अण्णांनी खिशातून पुडी काढली. उलटीसुलटी करून बघितली. काहीतरी हिशोब लागल्यासारखे हळूहळू मागे वळले. चेहरा एकदम लहान पोरासारखा झालेला.

"म्हणजे... माझी कमी झालीच नव्हती?"

मी माईंकडे बघितलं. माईंनी मनीषाकडे. मनीषा पुढे वाकली आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "म्हणजे अण्णा, तुम्हाला वाटत होतं की तुमची कमी झाली."

आणि थांबली.

अण्णांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी बाजूला घे भाऊ. तलफ आली!"